साक्षीचे तीन बाण

“एकट्याला वर सोडत नाही, अज्जा. चार जण पाहिजेत, गाईड पाहिजे, मोबाईलवर बुकिंग पाहिजे.”

फाटकावरचा पहारेकरी हे कन्नडमध्ये म्हणाला आणि म्हणताना खुर्चीतून हललासुद्धा नाही. पायथ्याशी अजून धुकं होतं. कानटोपी, मफलर आणि हातात चहाचा कागदी कप, एवढ्या बंदोबस्तात बसून तो माणसांना डोंगर नाकारत होता.

कृष्णात चौगुले फाटकाचा गज धरून उभे राहिले. वय अडुसष्ट, उजव्या गुडघ्यात दोन वर्षांपूर्वी बसवलेली नवी वाटी, पाठीला खाकी पिशवी. पहाटे जे. पी. नगरहून निघून, आनेकलला बस बदलून ते इथवर आले होते. हुणसेबेट्टा नावाच्या या डोंगरावर ते आयुष्यात किमान चाळीस वेळा चढले असतील, त्यातल्या निम्म्या वेळा डोक्यावर यंत्राची पेटी घेऊन. तेव्हा फाटक नव्हतं. वाटसुद्धा नव्हती. ती त्यांनीच कोयत्याने काढली होती, आणि आता तिच्याच तोंडाशी त्यांना सांगत होते, चार माणसं जमवून आण.

“मी कामाला आलोय,” चौगुले म्हणाले.

“कसलं काम? इथं दोनच. ट्रेक नाहीतर दर्शन.”

“च्यायला!” चौगुले मराठीत पुटपुटले.

शेजारी उभी असलेली मुलगी चटकन वळली. पंचविशी-सत्ताविशीची, पायात ट्रेकिंगचे बूट, पाठीवर सॅक. तीही बराच वेळ पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होती. एकटी मुलगी, म्हणून तिला तर दुप्पट प्रश्न विचारून झाले होते. घरच्यांना माहीत आहे का, हेसुद्धा.

“काका, मराठी? मी सिद्धी. पुण्याची, इथे आयटीत आहे. अहो, मी कायम सोलोच ट्रेक करते, पण इथले रूल्स काहीतरी अशक्य आहेत. थांबा, गंमत दाखवते.” ती पहारेकऱ्याकडे वळून हात जोडून म्हणाली, “दर्शन, अण्णा.”

पहारेकरी उठला आणि त्याने फाटक उघडलं. “मग आधीच सांगायचं ना! भक्तांना काही बंधन नाही.”

“पाहिलंत? तुम्ही पण दर्शन म्हणा आणि चला. काय फरक पडतो?”

एवढं बोलून ती पुढे निघूनही गेली. तिला फरक पडत नव्हता, चौगुल्यांना पडत होता. कारण वर जिचं दर्शन घ्यायचं होतं ती देवी त्यांनीच केलेली होती. पण पहारेकरी वाट बघत होता, आणि घड्याळात साडेसात झाले होते. चौगुल्यांनी दात-ओठ खाल्ले आणि म्हणाले, “दर्शन.”

“सरी अज्जा, या.”

चौगुले मोजणी खात्यात खलाशी होते. या खलाशाचा समुद्राशी काही संबंध नसतो. साहेबाचं यंत्र डोंगरावर चढवायचं, मधली झाडं छाटून नजरेला वाट करायची, फितीचं टोक धरायचं आणि पक्क्या खडकावर छिन्नीने खूण कोरायची, असली कामं करणाऱ्याला खात्यात खलाशी म्हणत. थंडीत हवा स्वच्छ असते, लांबचं दिसतं, म्हणून ही कामं थंडीत निघायची. निपाणीकडचा हा माणूस एकविसाव्या वर्षी बेंगळुरूला आला तो कायमचा. पुढच्या एकोणचाळीस हिवाळ्यांत ते किती डोंगर चढले याची मोजदाद नाही. नकाशावर साहेबाची सही असते. खलाशाचं नाव कुठेच नसतं, आणि चौगुल्यांनी त्याची कधी तक्रारही केली नव्हती. त्यांना एकच ठाऊक होतं, की हुणसेबेट्ट्याच्या माथ्यावर गुडघ्याएवढा वर आलेला एक खडक आहे आणि त्याच्या सपाट पाठीवर एक वर्तुळ आहे, वर्तुळाच्या बरोबर मध्ये एक ठिपका आहे. तो त्यांच्या हातचा आहे. एकोणनव्वद सालच्या जानेवारीत चार दिवस टाकी मारून त्यांनी तो कोरला होता. त्या ठिपक्यावरून सात डोंगर दिसत आणि सातही डोंगरांवरून त्या ठिपक्यावर यंत्र रोखलं जाई. सगळ्या पट्टीचा नकाशा त्याला बांधलेला होता.

त्या वर्षी पूर्वेच्या अंगाला दगडाची खाण चालू होती. सुरुंग दर आठवड्याला वर सरकत होते. खात्याने पाटी लावली, ती खाणवाल्यांच्या चुलीत गेली. पांढरा रंग दिला, त्यावर कोणीतरी शेण फासलं. तेव्हा कल्लाप्पाने उपाय सांगितला. कल्लाप्पा चिकोडीचा, वयाने मोठा, बिडीवर बिडी ओढणारा, देवळाच्या पायरीला पाय न लागलेला खलाशी.

“कृष्णात, सरकारच्या पाटीला कोण भ्यालंय आजवर? हळद-कुंकू लाव. मग हात लावायची कुणाची टाप न्हाई.”

खात्यातले जुने खलाशी हे सर्रास करत. कुठल्या कागदात ते सापडणार नाही, पण रानात राहिलेले कितीतरी दगड याच युक्तीने वाचले आहेत. चौगुल्यांनी आनेकलच्या बाजारातून पुडी आणली, ठिपक्यात कुंकू भरलं, वर्तुळात हळद, आणि वर झेंडूची दोन फुलं टाकली. सुरुंग त्या खडकापासून पन्नास पावलांवर थांबले आणि पुढे खाणच बंद पडली. सुरुंग थांबले त्या दिवशी चौगुले आणि कल्लाप्पा पोट धरून हसले होते.

पुढच्या हिवाळ्यात खडकापाशी पणती दिसली. मग बांगड्या, मग घंटा, मग पत्र्याची सावली. कपाळावरच्या कुंकवाला कन्नडमध्ये बोट्टू म्हणतात, त्यावरून देवीचं नाव बोट्टम्मा पडलं. चौगुल्यांना गंमत वाटत राहिली. निवृत्तीनंतर एकदा ते येऊन गेले, मग रोगाच्या साथीची वर्षं गेली, मग गुडघा गेला. सहा वर्षं डोंगर सुटला तो सुटलाच.

आणि गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात त्यांना बोट्टम्मा दिसली. ठकुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, भाजीवाल्या अक्काने दिलेली दिनदर्शिका ओट्यावर टांगली होती. चित्रात चांदीचे डोळे लावलेला खडक होता. खाली कन्नडमध्ये छापलं होतं की धनुर्मासातल्या शेवटच्या रविवारी देवीच्या पीठाचं काँक्रीट होणार, खडक आत घेऊन त्यावर मूर्ती बसणार.

“अगं, ही माझी खूण!” चौगुले ओरडले होते.

“ठाव हाय की. तुम्हीच न्हाई का सांगितलेलं?” ठकुबाई शांतपणे अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याचे, दाणे सोलत होत्या.

“त्याच्यावर सिमेंट वतणार हायत!”

“वतूदेत की. देऊळच व्हायलंय न्हवं? तुमच्या हातचं देऊळ झालं म्हणायचं. जाणार असशीला तर माझ्या नावानं नारळ न्या. तुमच्या गुडघ्यासाठी बोलले हुते मी.”

म्हणजे घरातसुद्धा! अडतीस वर्षांचा संसार, हीच बाई त्या हिवाळ्यात त्यांच्या हातांचे फोड शेकत होती, आणि तीच आता त्या दगडाला नवस बोलत होती. चौगुले दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाहीत. रविवारी मात्र निघताना तिने पिशवीत नारळ घातला, तो त्यांनी काढून ठेवला नाही. फितीच्या शेजारी तो चढभर पाठीला टोचत राहिला.

चढ त्यांनी एकट्याने, बसत-उठत, अडीच तासांत संपवला. धुकं विरलं तसे एकेक डोंगर उघडे पडू लागले आणि सवयीने ते ओठांतल्या ओठांत त्यांची नावं घेत गेले. गुडघा शेवटच्या कातळावर कुरकुरला. त्या कातळावर आता गज रोवले होते आणि पायरी-पायरीला देणगीदाराचं नाव होतं. चौगुल्यांनी एकाही गजाला हात लावला नाही. हा हट्ट होता, पण तेवढा तरी त्यांचा त्यांना करू द्यायला हरकत नव्हती.

माथ्यावर मांडव, कर्णा, पोंगलच्या पातेल्यासमोर रांग. खडकाभोवती फळ्यांची चौकट ठोकून तयार होती आणि चार मजूर सिमेंट कालवत होते. चौगुल्यांनी चपला काढल्या. दगड बर्फासारखा गार होता. मांडवात जरीकाठी पंचा नेसलेला, चाळिशीचा एक माणूस सगळ्यांना सूचना देत होता. तो मंजुनाथ, समितीचा अध्यक्ष, पायथ्याच्या गावचा. चौगुले सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

“एक काम करा. या खडकावर एक कोरलेली खूण आहे. काँक्रीट ओतताना तिच्यावर वीतभर भोक ठेवा आणि वर झाकण बसवा. बाकी काय हवं ते करा.”

“खूण? कसली खूण अज्जा?”

मग चौगुल्यांनी सगळं सांगितलं. खातं, खाण, कल्लाप्पा, आनेकलची पुडी. कन्नड त्यांचं मातृभाषेइतकंच पक्कं होतं, शब्द कुठे अडला नाही. त्यांना वाटत होतं की आता हा माणूस एकतर हसेल, नाहीतर हाकलून देईल. दोन्हीची त्यांनी तयारी केली होती.

मंजुनाथाचे डोळे भरून आले. तो वाकला आणि त्याने चौगुल्यांचे पाय धरले.

“माझे वडील त्या खाणीत होते. सुरुंगाने त्यांचा एक कान गेला होता. आणखी वर्षभर ती चालली असती तर माणूसच गेला असता. आई प्रकट झाली आणि खाण थांबली.”

“प्रकट नाही झाली. मी लावलं कुंकू.”

“तुमच्या हातून तिने लावून घेतलं.”

यावर माणसाने काय बोलायचं? शिवी दिली असती तर उलट देता आली असती. चौगुल्यांचा संताप संताप झाला. इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं हा दगड कोणी कोरला, आणि आज पहिल्यांदा कोणी मानलं, तर तेही असं, की यात तुझं काहीच नाही! ते पुन्हा म्हणाले, “तिचं ती बघेल. मला फक्त वीतभर भोक द्या.”

“आईच्या डोक्यावर झाकण कसं ठेवायचं अज्जा? वर मूर्ती बसायची आहे. पण तुमचा मान आधी.”

कोणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. गळ्यात हार आला. कर्णा खरखरला आणि मंजुनाथाने जाहीर केलं की आईचे पहिले भक्त स्वतः आले आहेत. त्याने माईक चौगुल्यांच्या हातात दिला आणि कानाशी हळूच म्हणाला, “स्वप्न पडलं होतं का काही? असलं तर तेवढं सांगा.”

“स्वप्न पडलं नव्हतं,” चौगुले माईकमध्ये म्हणाले. आवाज समोरच्या दरीवर आपटून परत आला. “मी सरकारी खलाशी होतो. हा देव नाही, मोजणीची खूण आहे. खाणवाल्यांनी फोडू नये म्हणून मी तिला कुंकू लावलं. मला ते कल्लाप्पाने सांगितलं होतं.”

मग पुढच्या रांगेतल्या एका बाईने हात जोडून विचारलं, “कल्लाप्पा स्वामींचा मठ कुठे आहे?”

मागून घोषणा उठली. आधी बोट्टम्माची, मग कल्लाप्पा स्वामींची. बिडी पेटवायला आगपेटी मागत फिरणारा कल्लाप्पा मरून अठरा वर्षं झाली होती, आणि आज त्याचा जयजयकार चालला होता. खरं बोलावं म्हणून हा माणूस पाच तास वाट तुडवून आला, ते त्याने माईकवर, भर गर्दीत बोलून दाखवलं, आणि तरी ते कोणाच्या कानात शिरलं नाही. चौगुल्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. हार काढला.

“अज्जा, पहिली थापी तुमच्या हातची,” मंजुनाथ थापी पुढे करत म्हणाला.

चौगुल्यांनी दोन्ही हात मागे घेतले. “माझ्या हाताने नाही.”

“शुभ आहे, थोडंसंच...”

“नाही म्हटलं ना!”

मंजुनाथाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आठी पडली. मजूर खोळंबले होते, भटजी घड्याळ बघत होते. “सरी अज्जा. सावलीत बसा तिकडे, पोंगल खा. मुहूर्त चाललाय.”

भटजींनी खडकावर तीन कलश ओतले. पस्तीस-छत्तीस वर्षांचं हळद-कुंकू लाल-पिवळ्या ओघळांनी खाली गेलं, आणि ठिपका दिसला. कडा अजून धारदार, वर्तुळ अजून गोल. एखाद्या सुताराने आपल्या हातची चौकट बघावी तसे चौगुले बघत राहिले. कुठेही झीज नव्हती. त्यांच्या कुंकवानेच तो इतका चांगला राखला होता. मग पहिलं घमेलं पडलं, दुसरं पडलं, पाचव्यानंतर दगड दिसेनासा झाला. घंटा वाजत होत्या. चौगुल्यांचे डोळे भरले, आणि लोकांनी तेही भक्तीच्या खात्यात जमा केलं असणार.

मांडवामागे सिद्धी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, अर्धंमुर्धं कळलंही होतं.

“काका, आय ॲम सो सॉरी. म्हणजे ते खरंच तुम्ही कोरलेलं? पण आता सगळं जीपीएसवर होतं ना?”

“व्हतंय की. मी कुठं न्हाई म्हणतोय? त्यांनी नवं यंत्र आणावं. पर माझा ठिपका चुकला हुता काय कवा? चुकला न्हवता तर बुजवायचा कशापायी?”

सिद्धी म्हणाली, “आता काय करायचं?”

चौगुल्यांनी पिशवीतून फीत काढली आणि एक तारेचा ब्रश. “जोडे काढून ये. टोक धरायला माणूस लागतंय.”

मोजणीत मुख्य खूण कधी एकटी ठेवत नाहीत. ती हरवली, बुजली तर पुन्हा सापडावी म्हणून आजूबाजूच्या तीन पक्क्या खडकांवर बाण कोरतात, खुणेकडे तोंड केलेले. त्यांना साक्षीचे बाण म्हणायचे. प्रत्येकाचं खुणेपासूनचं अंतर वहीत असतं. वही कुठल्या कपाटात असेल ते चौगुल्यांना माहीत नव्हतं, पण आकडे तोंडपाठ होते. ते आज पुन्हा मोजून लिहून ठेवायचे होते.

पहिला बाण पोंगलच्या पातेल्याआड सापडला, दुसरा कर्ण्याच्या खांबाशी. ब्रशने शेवाळ निघालं तसं टाकीचं काम वर आलं. गुडघा टेकता येत नाही म्हणून चौगुले एक पाय लांब पसरून बसले होते. सिद्धी फितीचं टोक बाणाच्या अणीवर धरून बसली, आणि चौगुले फीत ओढत चौकटीपर्यंत गेले. इतकी वर्षं टोक त्यांनी धरलं होतं, आकडा साहेबाने वाचला होता. आज आकडा त्यांनी वाचला. ओल्या काँक्रीटवर, फळीच्या आत दोन हातांवर फीत पोहोचली.

“बारा मीटर छत्तीस, त्या तिथं आत. आता तू म्हण.”

“मी? काय म्हणू?”

“मी म्हटलेला आकडा परत म्हणायचा. मग लिहायचा. त्याबिगर लिहीत न्हाईत, चूक ऱ्हाती.”

“बारा मीटर छत्तीस,” सिद्धी म्हणाली आणि तिने मोबाईलवर लिहून घेतलं. दुसरा आकडा नऊ मीटर आठ. तोही तिने परत म्हटला.

तिसरा बाण कड्याच्या बाजूला, मांडवापासून लांब होता. चौगुले तो घासत असताना त्यांच्यावर सावली पडली. मघाचीच बाई, कल्लाप्पाचा मठ विचारणारी, पूजेचं ताट घेऊन मागे मागे आली होती. साठीची, डोक्यावर पदर, पायांत चपला नाहीत. पहिला भक्त खाली बसून दगड पुसतोय, एवढं तिला पुरेसं होतं. तिने दगडाला नमस्कार केला, ताटातल्या करंड्यात बोट बुडवलं आणि वाकली.

चौगुल्यांनी तिचं मनगट धरलं.

बाई दचकली. सिद्धीसुद्धा दचकली. चौगुल्यांच्या मनात एक क्षण तेच आलं, जे कल्लाप्पाच्या मनात आलं होतं. लावू द्यावं. मग हा बाण कोणी फोडणार नाही, कोणी यावर खांब रोवणार नाही. दहा वर्षांनी इथे घंटा असेल, पंधरा वर्षांनी पत्रा, आणि मग एक दिवस धनुर्मासात घमेलं घेऊन माणसं येतील.

“बेडा अक्का, नको,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण हात सुटला नाही. “हा दगड आहे.”

“पण अज्जा, तुम्हीच तर...”

“मीच सांगतोय. हा दगड आहे. याला दगडच राहू दे.”

बाईने बोट मागे घेतलं आणि पदराला पुसलं. चौगुल्यांनी मनगट सोडलं. मग पिशवीतून नारळ काढून तिच्या ताटात ठेवला.

“हा तिकडे वाहा. ठकुबाई चौगुले या नावाने. ती मनापासून नवस बोलली आहे.”

बाई नारळ घेऊन मांडवाकडे गेली. चौगुले फितीचा गुंडा घेऊन उठले, दोनदा पडता पडता सावरले, आणि चौकटीकडे चालू लागले. मागे बाणाची अणी उन्हात पांढरी, उघडी दिसत होती. तिच्यावर काही नव्हतं. सिद्धी टोक धरून ओणवी बसली होती.

“पंधरा मीटर एकाहत्तर,” फळीपाशी उभे राहून चौगुले ओरडले.

कर्ण्यावर आरती सुरू झाली होती. त्या आवाजावर आवाज काढून सिद्धी तिकडून म्हणाली, “पंधरा मीटर एकाहत्तर.”

“बरोबर,” चौगुले म्हणाले, आणि फीत गुंडाळू लागले.